पाचाची शिंपली

तरुलता गायेनला मी पाचवीत दोनदा नापास केलं. दोन्ही वेळा गणितात. पहिल्यांदा तिला वजाबाकी येत नव्हती म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिची सगळी उत्तरं बरोबर आली होती म्हणून.

आमच्या बेटाचं नाव हेतालखाली. शाळा बांधाच्या आतल्या अंगाला आणि बांधापलीकडे लगेच नदी. शाळेला सरकारी मान्यता नव्हती. गावातल्या कमिटीने पाचवी ते आठवीचे वर्ग काढले होते आणि मी याच बेटावरची, बारावी झालेली, म्हणून मला गणिताची दीदीमणी केलं होतं. नेमणूक दरवर्षी नवी, कमिटीच्या मर्जीवर. चौथीपर्यंत सरकारी शाळेत कुणाला नापास करत नसत, त्यामुळे आमच्याकडे येणारी निम्मी मुलं नुसती वयाने वाढत पाचवीत आलेली असायची.

तरु त्यांतलीच. अकरा वर्षांची, काटकुळी. खाऱ्या पाण्याने केस तांबूस झालेले, पायाच्या बोटांच्या बेचक्यात कायमची कुजकी जखम. उधाणाचे चार-पाच दिवस तिचा बाक रिकामा असे. भांग, म्हणजे कमी भरतीचे दिवस, आले की ती वर्गात दिसे. वर्गातल्या बऱ्याच मुलांचं असंच होतं. वर्ग नदीच्या पंचांगावर चालायचा. उधाणात मीन वर येतात. मीन म्हणजे वाघकोळंबीची पिल्लं, केसाएवढी बारीक आणि काचेसारखी आरपार. दोन डोळ्यांचे काळे ठिपके दिसले तर दिसले. बेटावरच्या बायका-मुली मच्छरदाणीच्या कापडाचं निळं जाळं छातीभर पाण्यात तासन् तास ओढत नेत आणि मग काठावर उकिडव्या बसून गाळातून ते ठिपके वेचत. तरुचा बाप अंदमानला सुतारकामाला म्हणून गेला तो गेलाच. जाळ्याचं एक टोक आई उर्मिलाच्या हातात आणि दुसरं तरुच्या.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं, एक हजार वजा तीनशे पंच्याऐंशी. तरुला उठवलं. तिने खडू घेतला, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढलं आणि खाली लिहिलं, १३८५.

“काय गं, काढून घेतल्यावर वाढले होय? असलं गणित असतं तर तुझी आई आज जमीनदारीण असती.”

वर्ग खो खो हसला. मी पण हसले.

“शून्यातून पाच जात नाहीत ना, दीदीमणी,” ती म्हणाली.

“जात नाहीत तर शेजारच्या घरातून उसना घे.”

तिने शेजारच्या घराकडे पाहिलं. “तिथे पण शून्यच आहे. त्याच्याकडे काय मागायचं?”

“मग त्याच्या शेजारच्याकडे.”

“तोपण शून्य आहे.”

पुन्हा हशा. मी तिला खाली बसवलं. त्या दुपारी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ही तेराशे पंच्याऐंशीची गंमत मीच सगळ्यांना सांगितली. तिथून ती गावभर झाली.

परीक्षेला आठवडा राहिला आणि तरुचा पत्ता नव्हता. ती बांधावर सापडेल म्हणून मी मीन विकत घेणाऱ्या भूदेव सांतराच्या आडतीवर गेले. आडत म्हणजे ताडपत्रीखालचं एक बाकडं, पांढऱ्या चिनीमातीच्या पराती आणि मोजणारे दोन गडी. बायका ॲल्युमिनियमची पातेली कडेवर घेऊन रांगेत बसलेल्या. मोजणारा परातीतून शिंपलीने मीन उचलतो, एका शिंपलीत पाच, आणि गाण्यासारखं म्हणत जातो, एका रे एक, दोना रे दोन. विसापर्यंत आला की शेकडा झाला. मग एक खडा बाजूला. इतक्या झपाट्याने की बघणाऱ्याची बुबुळं दमतात. भूदेवबाबूंचा नियम असा की भरलेल्या शेकड्यालाच पैसे. वरची मोड आडतीची.

उर्मिलाची पाळी होती. तरु परातीच्या दुसऱ्या बाजूला उकिडवी बसून टक लावून पाहत होती. मोजणाऱ्याने नऊ खडे टाकले.

“नऊशे.”

“नऊशे पंचेचाळीस,” तरु म्हणाली.

“गप गं.”

“तुमच्या दर चौथ्या शिंपलीत सहा आहेत. शेकड्यात पाच जास्त. नवा पाचा पंचेचाळीस.”

रांगेतली खेंती मासी खदखदून हसली. ही म्हातारी विधवा, एका डोळ्यात फूल पडलेलं, जाळं एकटीने ओढायची. “ऐकलंस का रे? माझा एक डोळा गेलाय म्हणून माझं तू काय काय नेलं असशील! ह्या मास्टरनीला माझ्या पाळीलाही बसव.”

भूदेवबाबू बाकड्यावरून उठले. माणूस हसतमुख, कधी आवाज चढवत नसे. त्यांनी स्वतः पुन्हा मोजायला लावलं, चार-चारच्या गंड्याने, सावकाश. नऊशे बेचाळीस भरले.

“तीन कमी,” ते म्हणाले.

“तीन मेले. ते बघा, पांढरे झालेत.” परातीच्या काठाला चिकटलेले तीन दोरे तिने नखाने दाखवले.

मी थक्क झाले होते. तिला बाजूला बोलावून विचारलं, “तरु, हजार मीन होते. तीनशे पंच्याऐंशी मेले. किती उरले?”

“सहाशे पंधरा.” मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही.

“कसे?”

“अजून पंधरा मेले असते तर चारशे झाले असते, म्हणजे उरले सहाशे. पण ते पंधरा तर जिवंत आहेत. मग सहाशे पंधरा.”

“अगं मग हे त्या दिवशी फळ्यावर का नाही केलंस?”

ती गोंधळली. “ते तर उसन्याचं होतं ना?”

त्या आठवड्यात मी तिला रोज शाळा सुटल्यावर थांबवलं. म्हटलं, जे डोक्यात करतेस तेच वहीत लिही. ती पेन्सिल तोंडात धरून बसे. “ते पंधरा कुठे लिहू, दीदीमणी? त्यांना घर कुठलं, एककाचं की दशकाचं?” मला जसं शिकवलं होतं तसं मी शिकवत होते. त्यात त्या पंधरांना जागा नव्हती. शेवटी मी कंटाळून पुन्हा उसन्यावर आले. परीक्षेत तिने उसने घेतले, जिथून घ्यायचे नाहीत तिथूनही घेतले, आणि तिला शंभरात नऊ मिळाले.

पुढच्या वर्षी ती पुन्हा पाचवीत बसली. त्या वर्षी तिने मला काही विचारलं नाही. वार्षिक परीक्षेच्या पेपरात दहा गणितं होती. तिने कागदाच्या डाव्या बाजूला एकाखाली एक दहा आकडे लिहिले आणि पेपर देऊन टाकला. दहाच्या दहा बरोबर. पायरी एकही नाही.

हेडसरांनी तो कागद दोन बोटांत धरला. “नक्कल.”

तरुच्या शेजारी कमिटीच्या सेक्रेटरींची भाची बसली होती. मी तिचा पेपर आधीच तपासला होता. तिची चार उत्तरं चुकलेली होती. ज्याची चार चुकली त्याच्यावरून दहा बरोबर कशी उतरतील? एवढं सांगायला गणिताची दीदीमणीसुद्धा लागत नाही. पण सेक्रेटरींच्या भाचीची चार चुकली म्हणायचं, आणि तेही त्याच महिन्यात, जेव्हा माझी नेमणूक कमिटीपुढे जायची होती! मी लाल पेनने शून्य काढलं.

निकालाच्या दिवशी तरु माझ्या टेबलाशी आली. “कुठलं चुकलं, दीदीमणी?”

“पायऱ्या नाहीत.”

“पण उत्तर?”

“पायऱ्या लागतात, तरु.”

तिने कागद घडी करून फ्रॉकच्या कमरेत खोचला. शाळेत ती पुन्हा आली नाही.

भूदेवबाबूंनी तिला ठेवून घेतलं. बारा वर्षांची पोर पांढऱ्या परातीपुढे बसून मोजू लागली. तिचा हात बघायला लोक थांबत. बाकीच्यांची शिंपली पाण्यात चाचपडे. हिची सरळ पाचांच्या खाली जाई आणि पाचच घेऊन वर येई. उर्मिलाने मला बांधावर गाठून सांगितलं, “पाण्याबाहेर तरी आली, दीदीमणी. पाय बघा तिचे, कोरडे झालेत.” खरंच, बोटांमधल्या जखमा भरून आल्या होत्या. आमच्या नदीत हातभर लांबीच्या मुशी, म्हणजे लहान शार्क, असतात. त्यांचे दात असे की चावा बसतो तेव्हा दुखतसुद्धा नाही. पाणी लाल झालं की बाई खाली बघते. दर वर्षी कुणाची पोटरी जाई, कुणाचं बोट. उर्मिलाच्या मांडीलाही एक खड्डा होता. मुलगी ताडपत्रीखाली बसते याचं तिला किती सुख झालं होतं, ते ती बोलताना मला दिसत होतं. मला पण बरं वाटलं. म्हटलं, चला, शाळेने नाही तर आडतीने ओळखलं.

महिनाभर तरुच्या पाचात पाचच होते. मग एका संध्याकाळी भूदेवबाबूंनी तिला बाकड्यावर शेजारी बसवलं, मुरमुऱ्यांचा वाडगा पुढे केला. हे सगळं मला तरुनेच पुढे सांगितलं.

“मास्टरनी, इथून कोळंबीच्या तळ्यांत, भेडीत पोचेपर्यंत वाटेत मीन मरतात की नाही?”

“मरतात.”

“ती मरतुक कुणी भरायची? मी? मग मी तुला कुठून ठेवू?”

“शेकड्यात दोन-तीन मरतात, काका. दर चौथ्यात सहा घेतले तर पाच होतात.”

ते हसले. “बरोबर. म्हणून तर तुला ठेवलंय. उगाच कुणाचे दहा जाणार नाहीत. तुझ्या हातून मोजून पाचच जातील.” आणि मग तितक्याच गोडीने म्हणाले, “नको असेल तर नको. तुझ्या आईच्या जाळ्याचं दुसरं टोक रिकामंच आहे.”

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दर चौथ्या शिंपलीत सहा आले. कुणाला कळलं नाही, कारण तिच्या हाताला कुणी खोटं समजतच नव्हतं. बायका आपण होऊन म्हणत, “आमचं तरुकडे दे.” खेंती मासी तर दुसऱ्या मोजणाऱ्याकडे जाईच ना. परातीपुढे फतकल मारून बसे, पान चघळत. “मोज गं मास्टरनी. माझा एक डोळा नदीने खाल्ला, आता तूच माझा दुसरा.”

हे दीड वर्ष चाललं.

चैत्र सरत आला होता, ओहोटीची वेळ, उन्हं वर आलेली. माझा तास संपला होता आणि मी ओसरीवर वह्या तपासत होते. तिथून आडतीची ताडपत्री दिसते. खेंती मासी रांगेत शेवटची. दोन दिवस तिला ताप होता म्हणून जाळं फारसं ओढलं नव्हतं. तरुने मोजलं. एकोणसाठ शिंपल्या झाल्या आणि परात रिकामी झाली.

“दोनशे पंच्याण्णव, मासी.”

“पाच कमी?”

“पाच.”

“मग दोनशेचेच पैसे? एवढे पंच्याण्णव त्या सांतराच्या पोटात? ओक येईल त्याला.” मासी उठली, कंबर धरून. “थांब, हात धुऊ नकोस. पाचच ना? एका ओढीत आणते.”

“ओहोटी लागलीय, मासी. आत्ता नको. मुशी उथळात असतात.”

“मला खाऊन त्यांचेच दात पडतील. वाट बघ.”

ती गेली. तरुची शिंपली परातीतच होती. एकोणसाठ शिंपल्यांत चौदा वेळा सहा. दोनशे पंच्याण्णव आणि चौदा, तीनशे नऊ. मासीचे तीन शेकडे भरून वर नऊ उरत होते. तरुला हे मोजायचीही गरज नव्हती. हात चालत असतानाच तिला ते कळलेलं असे. तिने मला सांगितलं की दोनदा तिचं तोंड उघडलं. पण भूदेवबाबू समोरच बाकड्यावर होते, आणि मासीने जाळं खांद्यावर टाकलंही होतं.

मासी पाण्यात मांड्यांपर्यंत गेली, वीसेक पावलं चालली आणि थांबली. काठावरून कुणी तरी ओरडलं. मी वही टाकून पळाले. आम्ही पोचलो तेव्हा तिला दोघींनी ओढून चिखलात आणलं होतं. उजव्या गुडघ्यामागचं सगळं मांस गेलेलं. मी माझ्या साडीचा पदर फाडून बांधला. तो भिजला, दुसरा तुकडा बांधला. मासीला दुखत नव्हतं. ती आपल्या पायाकडे त्या एका डोळ्याने बघत म्हणाली, “अगं बाई, हे माझं का?”

डॉक्टर पलीकडच्या बेटावर. होडी चिखलात रुतलेली, भरतीला तीन तास. बायकांनी ढकलली, कमरेपर्यंत गाळात जाऊन ढकलली. तरु मासीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मासीने तिला विचारलं, “जाळ्यात काही आलं का गं?” होडी पाण्याला लागली त्याच्या थोडं आधी मासी गेली.

तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. सेक्रेटरी, हेडसर, भूदेवबाबू, मासीचा मुलगा-सून आणि अंगणात सगळं गाव. भूदेवबाबूंनी क्रियाकर्माला दोनशे रुपये आणि धोतर-साडी देऊ केली. “माझा काही संबंध नाही,” ते म्हणाले, “पण मासी आपली होती.” लोकांनी माना हलवल्या. माणूस चांगला, असंच सगळ्यांना वाटलं.

तेव्हा मागून तरु उठली. “मासीचे तीनशे नऊ होते. मी दोनशे पंच्याण्णव म्हटलं.”

कुणाला पटकन कळलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं, एकोणसाठ शिंपल्या, चौदा वेळा सहा. दर चौथ्या शिंपलीत सहा, दीड वर्ष, सगळ्यांचे. कुणी सांगितलं तेही सांगितलं. आवाज कापत होता, पण आकडे कापत नव्हते.

अंगणात गलका झाला. मासीची सून धावून गेली आणि तिने तरुचे केस धरले. “तू घेतलेस? माझ्या सासूला पाण्यात तू पाठवलंस?” उर्मिला मध्ये पडली. भूदेवबाबू शांतपणे उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

“सोडा तिला. पोर घाबरलीय, मांडीवर माणूस मेलंय, डोकं ठिकाणावर नाही. एकोणसाठ शिंपल्या, चौदा वेळा सहा, हा एवढा हिशेब ही पोर तोंडी करणार? ही?” ते हसले. “अहो, हिच्या हजारातून तीनशे पंच्याऐंशी वजा केले की तेराशे पंच्याऐंशी उरतात. विसरलात?”

लोक हसले. तिसऱ्या दिवशी, मासीच्या सुतकात, लोक हसले. भूदेवबाबू माझ्याकडे वळले.

“दीदीमणी बसल्यात इथे. तुम्हीच सांगा. ही गणितात पास की नापास?”

हेडसर माझ्याकडे बघत होते. सेक्रेटरी बघत होते. तरु पण बघत होती, विस्कटलेल्या केसांतून. तिला वाटत होतं मी आडतीवरची गोष्ट सांगेन, नऊशे पंचेचाळीसची. मी त्या दिवशी तिथेच उभी होते हे तिला माहीत होतं.

“नापास,” मी म्हणाले.

“किती वेळा?”

“दोनदा.”

“बस,” भूदेवबाबू म्हणाले आणि बसले.

मी आणखी एक वाक्य बोलू शकले असते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. नंतर इतकी वर्षं मी ते नदीकाठी, स्वयंपाकघरात, झोपेत कितीदा तरी बोलले आहे. बैठक उठली.

काही बायकांचा तरुवर विश्वास बसला होता. एक उधाणभर त्या भूदेव सांतराकडे गेल्या नाहीत, दुसऱ्या आडतीवर गेल्या. तिथे शिंपली पाचाचीच होती, पण शेकडा बावीस शिंपल्यांचा निघाला. मग त्या निमूट परत आल्या. तरुच्या जागी दुसरी मुलगी बसली. तरु आणि उर्मिला पुन्हा पाण्यात उतरल्या, पण त्यांचे मीन कुठलीच आडत घेईना. शेजारणीच्या पातेल्यात मिसळून विकावे लागत आणि शेजारीणही निम्मे ठेवून घेई. अशाच एका संध्याकाळी तरु माझ्या दारात आली होती. ओली, पाय पुन्हा कुजलेले. मला वाटलं शिव्या देईल. तिने उंबऱ्यावर बसून मला सगळं सांगितलं, मुरमुऱ्यांच्या वाडग्यापासून मासीच्या शेवटच्या शब्दांपर्यंत, जसं काही मला परीक्षेत लिहून द्यायचं होतं, पायरीन् पायरी. मी तिला पाणभात आणि मिरची दिली. तिने खाल्लं, थाळी धुतली आणि गेली.

उर्मिला पुढच्या हिवाळ्यात अंगाला सूज येऊन वारली. मुकादमाने वीटभट्टीसाठी माणसं नेली त्यांत तरु गेली. तेव्हा ती चौदाची असेल.

त्यानंतर मी तिला एकदाच पाहिलं, बारा वर्षांनी. भावाला छातीच्या दवाखान्यात दाखवायला मी नदीपलीकडच्या गावी गेले होते. तिथल्या भट्टीवर हेतालखालीची माणसं आहेत असं कानावर होतं, म्हणून दुपारी तिकडे वळले. बायका डोक्यावर फळी ठेवून दहा-दहा विटा भट्टीपर्यंत नेत होत्या. दर खेपेला मुकादम एक पत्र्याचा बिल्ला हातात ठेवी. संध्याकाळी बिल्ल्यांवर मजुरी. तरुला मी चालण्यावरून ओळखलं. विटांच्या धुळीने ती सगळी लाल झाली होती, पापण्यांसकट. मी झाडाखाली बसून वाट पाहिली. एका खेपेला मुकादम फोनवर बोलत होता, त्याने बिल्ला दिलाच नाही. ती थांबली नाही. रिकामी फळी घेऊन पुढच्या विटांकडे निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती आली. मला पाहून पाया पडली. सात-आठ वर्षांची एक मुलगी तिच्या साडीला धरून होती. नवरा त्याच भट्टीवर आग सांभाळायचा.

“तुझा एक बिल्ला राहिला,” मी म्हणाले.

“असेल.”

“मागत का नाहीस?”

“मी मोजत नाही, दीदीमणी.” ती भाताचं पुडकं सोडत होती. “जे देतील ते घेते. डोकं शांत राहतं.”

मुलीला तिने माझ्याकडे ढकललं. “ही शाळेत जाते, भट्टी बंद असते तेव्हा. हिला पाढे येतात.” मुलगी लाजून मागे लपली.

मी बारा वर्षं जे बोलायचं ठेवलं होतं ते बोलून टाकलं. बैठकीचं तर बोललेच. मग तो पेपर. म्हटलं, “तुझी दहाच्या दहा बरोबर होती. शेजारच्या मुलीची चार चुकली होती. तू नक्कल केली नव्हतीस हे मला माहीत होतं.”

तिचा हात भातातच थांबला.

“तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

नवऱ्याने लांबून हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही.

“मला वाटायचं तुम्हाला माहीत नसेल,” ती म्हणाली. “बैठकीतसुद्धा मला वाटलं, दीदीमणी कागदावर बघून सांगतायत. कागदात नापासच आहे, त्या तरी काय करणार. मी आईला पण तेच सांगितलं. आई तुम्हाला बोल लावायची, मी भांडायचे तिच्याशी.”

मी काही तरी म्हणाले. काय ते आठवत नाही. तिने उरलेला भात मुलीला दिला, हात पुसले आणि फळी उचलली. सुट्टी संपली नव्हती. बाकीच्या बायका अजून जेवत होत्या. ती एकटीच विटांकडे चालू लागली आणि मी तिथे असेपर्यंत तिने इकडे पाहिलं नाही.

गावी आल्यावर मी तिच्या मुलीसाठी पाटी, दोन वह्या आणि अंकगणिताचं पुस्तक एका खलाशाबरोबर पाठवलं. पोचलं का ते कळलं नाही. पुढच्या माघात मी मुद्दाम होडी करून गेले. झोपड्यांच्या त्या रांगेत रांचीकडची माणसं राहायला आली होती. मागच्या पावसाळ्यात जुनी सगळी पांगली म्हणे, कुणी ओडिशाकडे गेली, कुणी आणखी लांब. एका म्हातारीने मला बसायला विटा दिल्या आणि लोटाभर पाणी दिलं. तरुलता गायेन हे नाव तिने ऐकलेलं नव्हतं.